अण्णांनी निवडलेला पाहुणा

मनोजने शनिवारी जेवतानाच जाहीर केलं होतं की रविवारी काहीही करायचं नाही. गौरांग आणि वल्लरी पुण्याहून दोन दिवस निवांत राहायला आले होते, आणि निवांतपणाच्या बाबतीत मनोज फार कडक होता. काहीही न करण्याचा त्याचा कार्यक्रम असा होता: सकाळी लवकर उठून मळ्यातली मिसळ, तिथून गोदाघाट, घाटावर बसून उलटा वडापाव, मग पांडवलेणी, घरी जेवण, जेवणावर झोप, पण लांबवायची नाही, कारण सोमेश्वरचा धबधबा उरकून सूर्य बुडायच्या आत गंगापूर धरणावर पोचायचं होतं.

"अरे, यात निवांत काय आहे?" गौरांगने विचारलं.

"सगळं ठरलेलं आहे ना? मग डोक्याला ताप नाही. यालाच निवांत म्हणतात," मनोज म्हणाला. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्ट इनचार्ज आहे. तिथे सगळं वेळेवर पेटतं आणि वेळेवर विझतं, त्यामुळे घरीही त्याची तीच अपेक्षा असते.

"मागच्या वेळी माझी आई यांच्याकडे निवांत राहायला आली होती," मनोजची बायको तृप्ती म्हणाली. "गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं."

गौरांग यावर हसला आणि नेहमीप्रमाणे 'चालेल' म्हणाला. गौरांगला 'नाही' म्हणता येत नाही. ही काही त्याची नम्रता नाही, तो शब्दच त्याच्या तोंडातून बाहेर पडत नाही. पुण्यात तो भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, आणि त्या सोसायटीची सगळी कामं तोच बघतो. मालक लोक मीटिंगला येतात, चहा पितात, गौरांगला चार गोष्टी सांगतात आणि निघून जातात. वल्लरीने यावर बोलणं कधीच सोडून दिलं आहे. ती आता नुसतं बघते.

तर मिसळ झाली. मनोजने आग्रह करकरून रस्सा वाढायला लावला, गौरांग 'चालेल' म्हणत गेला, आणि सगळे गाडीत बसून पंचवटीत आले. रविवारी गोदाघाटाच्या आसपास गाडी लावायला जागा शोधायची म्हणजे भाविकांच्या श्रद्धेपेक्षा जास्त श्रद्धा लागते. तीन चकरा मारल्यावर मनोजने पुलाजवळ गाडी थांबवली आणि वाटेत घेतलेली उलट्या वडापावची पुडी गौरांगच्या हातात कोंबली.

"तुम्ही दोघं उतरा. पायऱ्यांवर बसा, पाण्यात पाय सोडा. गरम आहे तोवर खाऊन घ्या. मी गाडी लावून आलोच."

तृप्ती गाडीतच राहिली, कारण एकटा सोडला की मनोज पार्किंगवाल्याशी वाद घालतो.

आता हा उलटा वडापाव म्हणजे पावाच्या पोटात बटाट्याची भाजी भरून अख्खा पावच बेसनात बुडवून तळायचा. तर्रीदार मिसळीवर तो लगेच खावा असं शहाण्या माणसाला वाटणार नाही. पण तो कार्यक्रमात होता. गौरांग ती पुडी छातीशी धरून पायऱ्या उतरला आणि जिथे जरा सावली होती तिथे बसला. शेजारी आठ-दहा माणसं गप्प उभी होती. ती का उभी आहेत हे त्याने बघितलं नाही. वल्लरीने बघितलं.

कुणाचा तरी दहावा होता. पत्रावळीवर भाताचे पिंड मांडले होते. दोन भाऊ, दोघांच्याही डोक्याचा ताजा गोटा, ओल्या पंच्यात हात जोडून उभे होते. समोरच्या छोट्या देवळाच्या कळसावर एक कावळा बसला होता आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागले होते. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्या माणसाचं काही मागे राहिलं नाही असं समजायचं. नाही शिवला, तर त्याची इच्छा अडकली आहे. मग घरचे लोक एकेक आश्वासन देऊन बघतात. रामकुंडाच्या कावळ्यांना अशी आश्वासनं रोज ऐकायला मिळतात, त्यामुळे ते सहजासहजी भुलत नाहीत.

एका बाजूला पायरीवर एक म्हातारी बाई बसली होती. वल्लरी तिच्या शेजारी टेकली. वल्लरीला अनोळखी माणसं आपणहून सगळं सांगतात, ती फक्त बसते.

"तुमचे मिस्टर?" वल्लरीने हळू आवाजात विचारलं.

"हो. झोपेत गेले. त्यांची काही तक्रार नसणार," बाई म्हणाली. तिचं नाव अनसूयाबाई. "सगळं झालं होतं हो त्यांचं. प्रेसमध्ये नोकरी झाली, नोटा छापतात ना नाशिक रोडला, तिथं. मुलं मार्गी लागली. तो कावळा अडलाय तो माझ्यापायी."

"म्हणजे?"

"घर विकायचं ठरवलंय मुलांनी. मोठा जयवंत ठाण्याला असतो, धाकटा सार्थक बंगलोरला. मी सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे."

"तुम्हाला विचारलं नाही?"

"विचारलं की. आई, आधी ठाण्याला येतेस का बंगलोरला, असं विचारलं." अनसूयाबाईंनी पदराने नाक पुसलं. "मला माझ्या घरात राहायचंय. खाली भाजीवाली ओळखीची आहे, वरच्या मजल्यावर सिंधुबाई आहेत. लाइट गेले तरी भिंतीला हात लावत मी माझ्या ओट्याशी जाते. ठाण्याला मला गॅससुद्धा लावता येत नाही, ती काचेची पाटी आहे. चहा हवा असला तर सुनेला उठवावं लागतं. ती बिचारी उठते, पण मला ते नको वाटतं."

तेवढ्यात जयवंतने खाकरून सुरुवात केली. "अण्णा, आईची काळजी करू नका. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने सार्थककडे."

कावळ्याने मान वळवून पुलाकडे बघितलं.

"अण्णा, आईला वेगळी खोली देऊ," सार्थक म्हणाला. "अटॅच्ड बाथरूम आहे."

"आणि एसी," मागून जयवंतची बायको चैताली म्हणाली.

कावळ्याने चोच कळसावर घासून स्वच्छ केली. गुरुजींनी घड्याळ बघितलं. त्यांचा पुढचा दहावा पलीकडे येऊन थांबला होता. "आणखी काही राहिलंय का आठवून बघा," ते म्हणाले. "नाहीतर दर्भाचा कावळा करू आणि शिववून घेऊ. शास्त्रात सोय आहे."

"दर्भाचा नको," जयवंत म्हणाला. "ही सगळी माणसं आत्ता इथून घरी जातील आणि सगळीकडे सांगतील की मुलांनी बापाची इच्छा अपुरी ठेवली." मागे उभ्या असलेल्या सगळ्या माणसांनी आपण तसले नाही असा चेहरा केला.

नेमकं याच वेळी गौरांगला वडापाव गार होत असल्याचं जाणवलं. त्याने पुडी सोडली, पहिला घास घेतला आणि नदीकडे बघत चावायला लागला. त्याच्याकडे कुणी काही मागत नव्हतं, कुणी काही सोपवत नव्हतं. त्या दिवसातली ती त्याची शेवटची मोकळी मिनिटं होती.

कावळा कळसावरून उठला. पिंडांवरून, जयवंतच्या गोट्यावरून, गुरुजींच्या पळी-पंचपात्रावरून सरळ गेला आणि गौरांगच्या हातातला निम्मा वडापाव घेऊन परत कळसावर जाऊन बसला.

 सगळी माणसं गौरांगकडे वळली. गौरांग घास गिळायचा विसरला.

"मी काही म्हणत नाही," गुरुजी म्हणाले. "पण मांडलेला पिंड सोडून कावळा परक्या माणसाकडे गेला, याला काहीतरी अर्थ असला पाहिजे." खरं तर घाटावरचे कावळे कुणाच्याही हातातलं काहीही पळवतात. भेळ पळवतात, पेढे पळवतात, एकदा एका परदेशी पाहुण्याचा चष्मा पळवला होता. पण हे त्या घडीला बोलायचं कुणाला सुचलं नाही.

जयवंत तसाच ओल्या अंगाने गौरांगसमोर आला आणि त्याने हात जोडले. "तुम्ही अण्णांना ओळखत होता?"

याला सरळ उत्तर होतं. पण चैतालीने मोबाइलवर अण्णांचा फोटो काढून गौरांगच्या डोळ्यांसमोर धरला, आणि बाप गेलेला माणूस समोर हात जोडून उभा असताना 'नाही' म्हणणं गौरांगच्या कुवतीबाहेर होतं.

"चेहरा... ओळखीचा वाटतोय खरा," तो म्हणाला.

वल्लरीने डोळे मिटून घेतले.

"तुम्ही कुठले?"

"पुण्याचा."

"अण्णा डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्यालाच होते," सार्थक म्हणाला. "शनिपाराजवळ उतरले होते."

"शनिपारावरून मी जातो कधी कधी," गौरांग म्हणाला. हे खरंच होतं.

"अहो, अण्णा सांगायचे की!" चैताली म्हणाली. "पुण्यात एका सज्जन माणसाने त्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला होता. पुण्यात असं घडलं म्हणून त्यांच्या चांगलं लक्षात राहिलं होतं."

"तसा मी देतो... म्हणजे कुणालाही देतो," गौरांग पुटपुटला.

झालं. दोन मिनिटांत त्याच्या पायातल्या चपला निघाल्या, पँट गुडघ्यापर्यंत वर गेली आणि खांद्यावर कुणीतरी कोरडा पंचा टाकला. अण्णांचं या माणसाकडे काहीतरी राहिलं आहे यावर आता सगळ्यांचं एकमत होतं. उरलेला निम्मा वडापाव टाकायला कुठे कचऱ्याचा डबा दिसेना, आणि नदीत टाकला तर सगळे धावून येतील अशी भीती, म्हणून त्याने तो डाव्या मुठीत लपवला आणि तसाच पिंडांसमोर जाऊन उभा राहिला.

"बोला," गुरुजी म्हणाले.

"काय बोलू?"

"मनात येईल ते. अण्णांना सांगा."

गौरांगच्या मनात काहीच येत नव्हतं. पण सोसायटीच्या वार्षिक सभेचा अनुभव कामाला आला. "अण्णा, नमस्कार. मी गौरांग. पुण्याहून आलोय. इथे सगळी व्यवस्था चांगली झाली आहे. मुलांनी चांगलं केलं आहे. तुम्ही काही काळजी करू नये."

कावळा वड्याचं बेसन सोलत होता. त्याने खाली बघितलंसुद्धा नाही.

वल्लरी इतका वेळ अनसूयाबाईंशेजारी बसून होती. त्या बाईने तिचा हात धरला होता आणि तो हात गार पडला होता. वल्लरी उठली, नवऱ्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि ओठ न हलवता म्हणाली, "काकू त्यांच्या घरातच राहतील म्हण."

बायको सांगेल ते म्हणायला गौरांगला विचार करावा लागत नाही. "अण्णा, काकू त्यांच्या घरातच राहतील," तो म्हणाला. "नाशिक रोडलाच. त्यांना कुठेही हलवायचं नाही. मी शब्द देतो."

शेवटचं वाक्य त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सोसायटीत पाण्याच्या टाकीबद्दल बोलताना तो ते म्हणतो, तसं ते सवयीने बाहेर आलं. आणि शब्द दिल्यावर नमस्कार करायला त्याने दोन्ही हात जोडले, तेव्हा डावी मूठ उघडावी लागली. निम्मा वडापाव पत्रावळीवर पडला.

कावळा त्याच क्षणी खाली आला. त्याच्यामागून आणखी दोन आले.

"शिवला," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, तो वडा घेऊन गेला," सार्थक म्हणाला. तो इंजिनिअर आहे.

"पाय कशावर होता?"

"पिंडावर."

"मग शिवला," गुरुजी म्हणाले आणि पळी-पंचपात्र आवरून पुढच्या दहाव्याकडे गेले.

जयवंत तिथेच खाली बसून रडायला लागला. खरंच रडला. गेले दहा दिवस तो लोकांना पाणी देण्यात, फोन घेण्यात आणि पावत्या ठेवण्यात होता, त्याला सवडच मिळाली नव्हती. सार्थकने त्याच्या पाठीवर हात ठेवला.  अनसूयाबाईंनी वल्लरीकडे बघितलं.

अशा वेळी मनोज आला. त्याला जागा मिळाली होती ती जवळजवळ मालेगाव स्टँडपाशी, आणि तिथून तो आणि तृप्ती चालत आले होते. घामाघूम होऊन तो बघतो तर त्याचा मित्र पंचा पांघरून, पँट वर करून, दोन गोटे केलेल्या माणसांच्या मधे उभा.

"मी गाडी लावून येईपर्यंत हा कुणाच्या दहाव्याला बसला?" त्याने वल्लरीला विचारलं. वल्लरीने थोडक्यात सांगितलं.

मनोजला तेव्हा गौरांगला वाचवता आलं असतं. 'हे पाहुणे आहेत, यांचा काही संबंध नाही' एवढं म्हणायचं होतं. पण जयवंतने डोळे पुसत त्याला विचारलं, "तुमचे मित्र का? कसे आहेत हो?" आणि मित्राचं कौतुक करायची संधी मनोज सोडत नाही.

"गौरांग? एकदा शब्द दिला की दिला," मनोज म्हणाला. "हॉस्टेलमध्ये असताना एका पोराला म्हणाला, तुझ्या कुत्र्याला बघतो. पोरगा पास होऊन गेला, कुत्रं शेवटपर्यंत यानेच बघितलं."

गौरांग मागून डोळ्यांनी खुणा करत होता. मनोजला तो विनय वाटला.

पुढे जेवायला चला, असं झालं. दहाव्याच्या जेवणाला नाही म्हणत नाहीत, आणि गौरांग तर एरवीही म्हणत नाही. मनोजने पांडवलेण्यांचा विषय काढून बघितला. "लेणी दोन हजार वर्षं तिथेच आहेत," तृप्ती म्हणाली, "आणखी एक दिवस राहतील." ती दिवसभरात पहिल्यांदाच खूश दिसत होती.

नाशिक रोडचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. वरच्या सिंधुबाईंनी पिठलं-भात करून ठेवला होता. अनसूयाबाईंना सगळ्यांनी बसायला सांगितलं, पण त्या बसल्या नाहीत. स्वतःच्या ओट्याशी उभ्या राहून त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाढलं. दोघे भाऊ मात्र बाल्कनीत जाऊन, दार ओढून घेऊन बराच वेळ बोलत होते. बाहेर आले तेव्हा दोघांच्याही चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं.

"घर विकायचं नाही असं ठरलं," जयवंत म्हणाला. "अण्णांनी इतकं स्पष्ट सांगितल्यावर आपण कोण? आई इथेच राहणार."

अनसूयाबाईंच्या हातातला डाव भाताच्या पातेल्यात तसाच राहिला. "खरंच?" त्या म्हणाल्या.

"खरंच. प्रश्न एवढाच होता की इथे तुझ्याकडे बघणार कोण. ठाण्याहून मला काही रोज जमत नाही."

"बंगलोरहून तर नाहीच नाही," सार्थक म्हणाला.

"पण त्याचंही उत्तर अण्णांनीच दिलंय," जयवंत गौरांगकडे वळला. "आम्ही शब्द देत होतो, अण्णांनी तो घेतला नाही. तुमचा घेतला. आता आम्ही मधे पडलो तर ते त्यांच्या इच्छेविरुद्ध होईल. आईचं काय ते तुम्हीच बघायचं."

जेवणाऱ्यांच्या हातातले घास थांबले. सगळे गौरांगकडे बघत होते. अनसूयाबाईही बघत होत्या, आणि त्यांच्या बघण्यात असं काही होतं की गौरांगला मान खाली घालावी लागली. हा बाबा आत्ता नाही म्हणाला तर उद्या बॅग भरायची, हे त्यांना कळत होतं.

"बरोबर आहे," गौरांग म्हणाला.

जाताना त्याच्याकडे घराची एक किल्ली होती, डॉक्टरांचा नंबर होता, आणि रात्रीची गोळी जेवणाआधी की नंतर ही माहिती होती. जयवंतने त्याला मिठी मारली. "मोठं काम केलंत," तो म्हणाला, आणि तेरावा झाला त्याच संध्याकाळी ठाण्याला गेला.

 गाडीत मनोजने सोमेश्वर अजून जमेल असं सांगून बघितलं.

"आपण निवांत दिवस काढायला आलो होतो," वल्लरी शेवटी म्हणाली. "आणि एक सासू घेऊन चाललोय."

"तूच म्हणालीस ना, म्हण म्हणून?"

"काकू घरात राहतील म्हण, एवढंच म्हटलं होतं. मी शब्द देतो, हे तुला कुणी सांगितलं?"

गौरांगने किल्ली एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवली.

पुण्याला गेल्यावर त्याने दुसऱ्याच दिवशी फोन केला. आधी कर्तव्य म्हणून केला. "काकू, गोळी घेतलीत?" "घेतली. तुम्ही जेवलात का?" एवढंच बोलणं व्हायचं. मग काकू त्याला भाजीवालीच्या मुलीचं लग्न कसं ठरलं ते सांगू लागल्या आणि तो त्यांना टाकीचं गाऱ्हाणं सांगू लागला. त्याची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. जेवलास का, असं त्याला इतक्यात कुणी विचारत नव्हतं. वल्लरीनेही पुढे त्याला बोल लावणं सोडलं आणि फोन हातातून ओढून घेऊन मेथीच्या लाडवांचं प्रमाण विचारायला लागली. महिन्याने ती दोघं नाशिकला गेली. गौरांगने बाथरूमचा गळका नळ बदलून घेतला, बाल्कनीला जाळी बसवून घेतली, आणि काकूंना पासबुक भरून घ्यायचं होतं म्हणून त्यांना बँकेत नेऊन आणलं.

हे सिंधुबाईंनी वरून बघितलं. त्या भाबड्या बाई. त्यांनी चैतालीला फोन केला. "किती करतात हो ते पुण्याचे! नळ काय, जाळी काय. बँकेतसुद्धा हाताला धरून घेऊन गेले. पोटचं पोरगं करणार नाही."

चैतालीने हे जयवंतला सांगितलं. नळ आणि जाळीपर्यंत तो मान डोलावत होता. बँक म्हटल्यावर थांबला. मग त्याने आईला फोन लावला.

"आई, तो माणूस तुला बँकेत कशाला घेऊन गेला होता?"

अनसूयाबाईंच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. पण मुलाचा इतका काळजीचा आवाज त्यांनी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

"असंच," त्या म्हणाल्या. "असतात काही कामं."

त्या शनिवारी जयवंत ठाण्याहून सकाळच्या गाडीने आला. पुढच्या शनिवारी सार्थक बंगलोरहून विमानाने आला. त्यापुढच्या शनिवारी दोघेही आले, कारण एकटा भाऊ तिथे काय करतो हे दुसऱ्याला कळेना. जयवंतने नवा गीझर बसवला, म्हणजे त्यासाठी गौरांगला यायला नको. सार्थकने फ्रिज आणला. चैताली मुलांना घेऊन दिवाळीची सगळी सुट्टी तिथेच राहिली आणि तिने ओट्याशी उभं राहून सासूकडून चकल्या शिकून घेतल्या.

जयवंतने गौरांगलाही फोन केला. "तुम्ही उगाच त्रास घेता. आम्ही मुलं आहोत की."

"नाही नाही, त्रास कसला," गौरांग मनापासून म्हणाला. "मी अण्णांना शब्द दिलाय."  त्या आठवड्यात जयवंत बुधवारीच नाशिकला पोचला.

हा सगळा प्रकार काय आहे ते गौरांगला कळायला वेळ लागला. वल्लरीला लवकर कळलं. "त्यांना वाटतंय की आपला त्या फ्लॅटवर डोळा आहे," ती म्हणाली. गौरांगला हे फार लागलं. आयुष्यात त्याने कुणाची पेन्सिल ठेवून घेतली नव्हती. त्या रात्री तो नीट जेवला नाही, आणि रविवारी सकाळी त्याने अनसूयाबाईंना फोन लावला.

"काकू, मी आजच जयवंतरावांना स्पष्ट सांगून टाकतो. मला घरातलं काही नको. हवं तर लिहून देतो. हा गैरसमज मला सहन होत नाही."

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. नातवंडं कशावरून तरी भांडत होती. "आई, ड्रिल मशीन माळ्यावर आहे का?" असा जयवंतचा आवाज आला. मग स्वयंपाकघराचं दार लोटल्याचा आवाज झाला आणि काकू हळू बोलायला लागल्या.

"असं काही करू नका हो."

"पण काकू, त्यांना वाटतंय..."

"वाटू दे. मला का कळत नाही, ते कशासाठी येतात? आपणहून माझ्यासाठी आले असते तर जास्त बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू. पण अण्णा होते तेव्हासुद्धा दोघं भाऊ एका वेळी या घरात जेवायला बसत नव्हते. आज सार्थक मला विचारतोय, आई, तुला भाजी कुठली आवडते. मी काय सांगणार? मला पटकन आठवेनाच."

 "मग मी आता येऊ नको का?" गौरांगने विचारलं.

"अहो, असं कसं? महिन्यातून एकदा तुम्ही यायलाच पाहिजे, नाहीतर त्यांचा संशय जाईल," अनसूयाबाई म्हणाल्या. "आणि येताना काखेत एखादी फाइल असू द्या. रिकामी चालेल."